आधी कार्यपद्धती, नंतर संगणकप्रणाली : रोजगार हमीच्या हजेरीपटावरून प्रकल्प व्यवस्थापनाची एक चिकित्सा

सारांश

सार्वजनिक प्रकल्पाचे काम रखडले की त्यावर नवी संगणकप्रणाली आणणे हा उपाय गेल्या दोन दशकांत जवळजवळ प्रतिक्षिप्त झाला आहे. काम कोठून सुरू होते, कोणत्या क्रमाने पुढे जाते, निर्णय कोण घेतो, अपवादाचे काय करायचे आणि काम झाल्याचा पुरावा कोणता, हे पाच प्रश्न ज्या प्रकल्पात सुटलेले नसतात तेथे प्रणाली त्यांना उत्तर देत नाही; ती अनिश्चितता अधिक वेगाने पसरवते व जबाबदारी दिसेनाशी करते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी महाराष्ट्राची रोजगार हमी योजना व तिच्यानंतरचा राष्ट्रीय कायदा हे मुख्य उदाहरण घेतले असून, राज्यातील २०१७ व २०१९ च्या कर्जमाफी योजना आणि मुंबई विद्यापीठाची २०१७ ची ऑनलाइन उत्तरपत्रिका तपासणी यांचा तुलनेसाठी आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : कार्यपद्धती, प्रकल्प व्यवस्थापन, रोजगार हमी, हजेरीपट, कर्जमाफी, ऑनलाइन मूल्यांकन, उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. जिल्ह्याचे अर्थकारण प्रामुख्याने शेतीवर, त्यातही पावसावर अवलंबून आहे. खरिपाची सुगी आटोपली की मजुरांच्या हाताला काम हवे असते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २ फेब्रुवारी २००६ रोजी देशातील २०० जिल्ह्यांत प्रथम लागू झाला. महाराष्ट्रातील जे १२ जिल्हे या पहिल्या टप्प्यात होते त्यांत हिंगोलीचा समावेश होता. त्यामुळे कागदी हजेरीपटापासून भ्रमणध्वनीवरील छायाचित्रापर्यंतचा प्रवास या जिल्ह्याने अगदी आरंभापासून अनुभवला आहे.

हा प्रवास सामान्यतः प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कागद गेला, संगणक आला. रोख मजुरी गेली, बँक खाते आले. रजिस्टर गेले, ॲप आले. यातील काही पावले खरोखरच प्रगतीची आहेत. तथापि प्रत्येक पावलावर एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे : नव्या साधनाने जी गोष्ट नोंदवली, तीच गोष्ट कामाच्या दृष्टीने निर्णायक होती काय? वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत प्रकल्प व्यवस्थापन शिकवताना हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. विद्यार्थ्याला एखादे सॉफ्टवेअर चालवता आले की त्याला प्रकल्प चालवता येईल, असे गृहीत धरले जाते. त्या गृहीतकाची तपासणी हाच या लेखाचा हेतू होय.

२. कार्यपद्धती आणि साधन : संकल्पनात्मक भेद

कार्यपद्धती म्हणजे परिपत्रकांचा गठ्ठा नव्हे. कोणत्याही प्रकल्पाची कार्यपद्धती स्पष्ट आहे असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा पाच प्रश्नांची उत्तरे त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात. पहिला, काम कोणत्या घटनेपासून सुरू झाले असे मानायचे? दुसरा, त्यातील पायऱ्यांचा क्रम व प्रत्येक पायरीची मुदत काय? तिसरा, प्रत्येक पायरीवर निर्णय कोणाचा व त्याबद्दल उत्तर कोण देणार? चौथा, नेहमीच्या चौकटीत न बसणारे प्रकरण कोणाकडे जाईल? पाचवा, पायरी पूर्ण झाली याचा पुरावा कोणता? साधन या उत्तरांची अंमलबजावणी जलद, स्वस्त व अचूक करू शकते. उत्तरे मात्र त्याला कोणीतरी द्यावी लागतात.

प्रकल्प व्यवस्थापनशास्त्राचा इतिहासही याच क्रमाने घडला आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपाँ या रसायन उद्योगात निर्णायक मार्ग पद्धती व अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पात ‘पर्ट’ ही पद्धती विकसित झाली. आकडेमोडीसाठी त्या काळचे अवाढव्य संगणक वापरले गेले हे खरे. पण या पद्धतींचा गाभा कामांची यादी करणे, कोणते काम कशावर अवलंबून आहे हे ठरवणे व कोठे उशीर झाला तर संपूर्ण प्रकल्प लांबेल हे ओळखणे हाच होता. तो आजही फळ्यावर खडूने शिकवता येतो.

फ्रेडरिक ब्रुक्स हे स्वतः आयबीएममधील एका मोठ्या संगणकप्रणालीच्या निर्मितीचे प्रमुख होते. नेमके काय बनवायचे हे ठरवणे हीच सॉफ्टवेअरनिर्मितीतील मूळ अडचण असून कोणतेही नवे साधन ती एका फटक्यात दूर करू शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी १९८६ च्या आपल्या निबंधात मांडला. मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तील लेखात त्याहून पुढे जाऊन, जुन्या सदोष पद्धतीचे केवळ यांत्रिकीकरण केल्याने सदोषपणालाच गती मिळते, असे दाखवले. सॉफ्टवेअरच्या जगातील जाणकारांनीच हे इशारे दिलेले असल्याने त्यांना तंत्रज्ञानविरोध म्हणता येणार नाही.

३. रोजगार हमी : कागदावरील कार्यपद्धती

वि. स. पागे यांच्या विचारातून साकारलेली रोजगार हमी योजना महाराष्ट्रात १९७२ मध्ये सुरू झाली. त्यासाठीचा कायदा १९७७ चा असून तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या काळी संगणक नव्हता, तरी वरील पाच प्रश्नांची उत्तरे या योजनेच्या रचनेत होती. मजुराची मागणी हा आरंभबिंदू होता. पंधरा दिवसांत काम देणे ही मुदत होती व ते न दिल्यास बेरोजगार भत्ता हा परिणाम होता. कामाचे नियोजन व निधी महसूल यंत्रणेकडे, म्हणजे जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्याकडे. तर प्रत्यक्ष काम पाटबंधारे, बांधकाम, मृदसंधारण अशा तांत्रिक विभागांकडे अशी विभागणी होती. मजुरीची मागणी ऐकणारा एक व काम मोजणारा दुसरा असल्याने एकाचा दुसऱ्यावर काही अंशी वचक राहत असे.

पुढे राष्ट्रीय कायद्याखालीही महाराष्ट्रात हाच सांगाडा टिकला. मजुराने नमुना ४ मध्ये कामाची मागणी करावी व त्याला नमुना ५ मध्ये तारखेसह पोच द्यावी, असा क्रम होता. वरवर पाहता ही पोच म्हणजे कागदाचा एक चिटोरा. परंतु सर्व हक्क त्यावर उभा असतो. पोचेवरील तारखेपासून पंधरा दिवस मोजले जातात, आणि ते उलटले तर भत्त्याचा दावा याच कागदाच्या आधारे करता येतो. तारखेची पोच नसेल तर मागणी झालीच नव्हती असे म्हणता येते. व्यवस्थापनशास्त्राच्या भाषेत, नमुना ५ हा प्रकल्पाचे घड्याळ सुरू करणारा दस्तऐवज होय.

या कागदी व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. बोगस नावांचे हजेरीपट, अर्धवट राहिलेली कामे, पोच देण्यास टाळाटाळ, मजुरीतील विलंब या तक्रारी त्या काळापासूनच्या आहेत. नियम स्पष्ट असले तरी ते पाळले जातातच असे नाही. तथापि एक फरक लक्षात घ्यावा लागतो. नियम मोडला गेला तर तो कोठे व कोणी मोडला हे त्या व्यवस्थेत दाखवता येत असे. पोच न देणारा कर्मचारी, खोटी सही करणारा मुकादम, मोजमाप लांबवणारा अभियंता, प्रत्येकाची जागा ठरलेली होती. दोष दिसण्याची सोय ही कार्यपद्धतीची पहिली देणगी असते.

४. हजेरीपटाचे डिजिटलीकरण

बोगस हजेरीवर उपाय म्हणून केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने मे २०२१ मध्ये भ्रमणध्वनीवरून हजेरी नोंदवणारी ‘एनएमएमएस’ ही प्रणाली आणली. १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, सर्व कामांवर तिचा वापर अनिवार्य झाला. कामाच्या ठिकाणी दिवसातून दोन वेळा मजुरांचे छायाचित्र काढायचे, त्यावर स्थळ व वेळेचा शिक्का उमटतो आणि ते प्रणालीत चढवायचे, अशी ही व्यवस्था होती. पारदर्शकता हा तिचा घोषित हेतू होता व तो योग्यच होता.

अडचण हेतूत नसून साधन व कार्यपद्धती यांच्यातील विसंगतीत होती. महाराष्ट्रातील रोजगार हमीत मजुरी प्रामुख्याने झालेल्या कामाच्या मोजमापावर ठरते. किती घनमीटर खोदकाम झाले, माती कशी होती, ती किती अंतरावर वाहून टाकली यांची नोंद कनिष्ठ अभियंता किंवा तांत्रिक सहायक मोजमाप पुस्तिकेत करतो आणि त्यावरून दाम निघतो. याचा अर्थ मजुराचे पैसे मोजमापावर अवलंबून, तर नवे साधन मोजते उपस्थिती. उन्हाच्या आधी पहाटे येऊन आपल्या वाट्याचे काम उरकणाऱ्या मजुरालाही दुसऱ्या छायाचित्रासाठी थांबणे भाग पडू लागले. छायाचित्र चढले नाही तर काम झालेले असूनही हजेरी गेली. उलट, छायाचित्र वेळेवर चढले पण मोजमाप रखडले, तर प्रणालीच्या पडद्यावर सर्व सुरळीत दिसते आणि मजुरी मात्र अडकून राहते. साधनाने जे सहज नोंदवता येते ते नोंदवले; जे निर्णायक होते ते पूर्वीप्रमाणेच माणसाच्या हाती व नजरेआड राहिले.

छायाचित्र पाहणार कोण, हा दुसरा प्रश्न. प्रणाली अनिवार्य करताना याचे उत्तर पुरेसे स्पष्ट नव्हते. परिणाम काय झाला ते खुद्द मंत्रालयाच्या ८ जुलै २०२५ च्या परिपत्रकात नमूद आहे. असंबद्ध छायाचित्रे चढवणे, प्रत्यक्ष दृश्याऐवजी जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र काढणे, नोंदीतील व छायाचित्रातील मजुरांची संख्या न जुळणे, स्त्री-पुरुषांचे प्रमाण न जुळणे, एकच मजूर अनेक हजेरीपटांत दिसणे, सकाळच्या व दुपारच्या छायाचित्रांत वेगवेगळी माणसे असणे, दुसरे छायाचित्र न चढवणे, असे गैरवापराचे प्रकार त्यात नोंदवले आहेत. त्यावर योजलेला उपाय अधिक बोलका आहे. ग्रामपंचायत पातळीवर सर्व छायाचित्रांची आणि त्यावरील पातळ्यांवर काही प्रमाणात छायाचित्रांची माणसांकरवी पडताळणी करावी, असे निर्देश देण्यात आले. म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून आणलेल्या साधनाची विश्वासार्हता सांभाळण्यासाठी पुन्हा माणसांची उतरंड उभी करावी लागली. कोणी, केव्हा, किती तपासायचे हा निर्णय २०२१ मध्येच झाला असता, तर तो साधनाचा पाया ठरला असता. २०२५ मध्ये तो ठिगळ ठरला.

मजुरीच्या विलंबाचे उदाहरण याहून गंभीर आहे. हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी न मिळाल्यास सोळाव्या दिवसापासून दरदिवशी ०.०५ टक्के भरपाई देण्याची तरतूद राष्ट्रीय योजनेत होती. मजुरी अदा होण्याचे दोन टप्पे होते. राज्य यंत्रणेने मोजमाप करून निधी हस्तांतरणाचा आदेश तयार करणे हा पहिला व केंद्राकडून रक्कम मजुराच्या खात्यात जमा होणे हा दुसरा. प्रणाली भरपाईची गणना करताना पहिल्या टप्प्यातील विलंबच धरत असे. दुसऱ्या टप्प्यात कितीही दिवस गेले तरी पडद्यावर विलंब शून्य. सर्वोच्च न्यायालयाने ‘स्वराज अभियान’ प्रकरणातील १८ मे २०१८ च्या निर्णयात, या दुसऱ्या टप्प्यातील विलंबाच्या भरपाईपासून मजुराला वंचित ठेवता येणार नाही, अशी भूमिका घेतली. येथे संगणकाने चूक केलेली नव्हती. त्याला सांगितलेली बेरीज त्याने बिनचूक केली. विलंब कोणापासून कोणापर्यंत मोजायचा हा कार्यपद्धतीचा प्रश्न अर्धवट सोडवला गेला होता, आणि त्या अर्धवटपणाला आकडेवारीचे अधिष्ठान मिळाले.

कामाच्या मागणीबाबतही हेच घडताना दिसते. मजुराने तोंडी मागणी केली, पण तिची प्रणालीतील नोंद काम उपलब्ध झाल्यावरच झाली, तर मागणी व काम यांतील अंतर नोंदीत काही दिवसांचेच राहते. अशा वेळी बेरोजगार भत्त्याचा प्रश्न उद्भवतच नाही. नमुना ५ ची पोच मजुराच्या हाती असेल तरच ही नोंद खोडून काढता येते. म्हणून डिजिटल व्यवस्थेतही तो कागदी चिटोरा कालबाह्य झाला असे मानणे धोक्याचे आहे.

५. कर्जमाफीच्या दोन योजना : एक तुलना

साधन तेच आणि कार्यपद्धती वेगळी असेल तर काय फरक पडतो, हे पाहण्याची संधी सार्वजनिक व्यवहारात क्वचितच मिळते. महाराष्ट्रातील दोन कर्जमाफी योजनांनी ती दिली. दोहोंशी हिंगोलीसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा थेट संबंध होता.

छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जून २०१७ मध्ये जाहीर झाली. मर्यादा दीड लाख रुपयांची, अंदाजित बोजा सुमारे ३४ हजार कोटी रुपयांचा. लाभाचे एकक कुटुंब मानले गेले. पती, पत्नी व अज्ञान मुले यांची एकत्रित माहिती शेतकऱ्याने ऑनलाइन अर्जात भरायची, बँकांनी आपल्याकडील माहिती स्वतंत्रपणे द्यायची आणि प्रणालीने दोन्ही जुळवून पात्रता ठरवायची, अशी योजना होती. थकबाकीची कालमर्यादा व निकष यांत योजना जाहीर झाल्यानंतरही बदल होत गेले. अर्जांसाठी केंद्रांवर रांगा लागल्या. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, दिवाळीत, प्रातिनिधिक शेतकऱ्यांना प्रमाणपत्रे देण्यात आली. परंतु त्यानंतर याद्यांतील विसंगती समोर आल्या. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे, बँकेच्या व अर्जाच्या तपशिलात मेळ नसणे असे प्रकार आढळून माहितीची पुन्हा तपासणी करावी लागली. दोष साहजिकच ‘सॉफ्टवेअर’च्या माथी गेला. वास्तविक पाहता, कुटुंब कोणाला म्हणायचे, दोन नोंदी जुळल्या नाहीत तर खरी कोणती मानायची आणि ते ठरवणारा अधिकारी कोण, हे प्रश्न सॉफ्टवेअरच्या आधीचे होते.

महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेचा शासन निर्णय २७ डिसेंबर २०१९ चा. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेली व ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेली, दोन लाखांपर्यंतची पीककर्जे असा सुटसुटीत निकष ठरवण्यात आला. लाभाचे एकक कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी. अर्ज मागवलेच नाहीत. माहिती बँकांनी द्यायची, यादी गावात प्रसिद्ध करायची, शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करताना दाखवलेली रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचे आणि अमान्य असल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जायचे. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी प्रत्येक जिल्ह्यातील दोन, अशा एकूण ६८ गावांपुरती प्रसिद्ध करून व्यवस्था आधी पारखून घेण्यात आली.

या दोन योजनांत आधार, बँकेची माहिती, सेवा केंद्रे, संकेतस्थळ ही साधने जवळपास सारखीच होती. बदलला तो पायऱ्यांचा क्रम, माहितीचा एकमेव स्रोत, अपवादाचा मार्ग आणि लहान प्रमाणावरील चाचणी. शेतकऱ्याने माहिती पुरवण्याऐवजी ती केवळ मान्य किंवा अमान्य करायची, हा बदल दिसायला छोटा असला तरी संपूर्ण व्यवस्थेचा भार त्याने हलका केला. अर्थात सुटसुटीतपणाची किंमतही होती. दोन लाखांवरील थकबाकीदार योजनेबाहेर राहिले आणि त्यांचा प्रश्न पुढे शिल्लक उरला. कार्यपद्धती स्पष्ट आहे म्हणून ती न्याय्य आहे असे होत नाही. मात्र तिच्यातील अन्याय उघडपणे दिसतो व त्यावर चर्चा करता येते. यादीतील अनाकलनीय गोंधळावर तशी चर्चाही करता येत नाही.

६. उत्तरपत्रिका तपासणीचा धडा

हे सर्व प्रशासनाचे विषय असून महाविद्यालयांशी त्यांचा संबंध नाही, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. उच्च शिक्षणातील याच स्वरूपाचे उदाहरण मुंबई विद्यापीठाचे आहे. विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. उत्तरपत्रिकांची संख्या १७ लाखांच्या घरात होती. अभियांत्रिकी शाखेत ही पद्धत आधीपासून वापरात होती; त्यामुळे साधन अपरिचित किंवा अशक्य कोटीतील नव्हते. मात्र व्यवस्थेची जुळवाजुळव परीक्षा तोंडावर असताना व सुरू असताना झाली. उत्तरपत्रिका गोळा करणे, पुरवण्यांसह त्यांचे स्कॅनिंग, सांकेतिक क्रमांक, योग्य विषयाच्या प्राध्यापकाकडे रवानगी, न सापडलेल्या उत्तरपत्रिकेचे काय करायचे याचा निर्णय, या पायऱ्या एवढ्या मोठ्या प्रमाणावर कधी पारखल्या गेल्याच नव्हत्या.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत व कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लागणे अपेक्षित आहे. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही पाळली गेली नाही. निकालांचे काम सप्टेंबरपर्यंत चालले. काही उत्तरपत्रिकांचा शोध लागला नाही. पदव्युत्तर प्रवेश, परदेशी विद्यापीठांतील जागा, नोकरीच्या मुलाखती यांवर विद्यार्थ्यांना पाणी सोडावे लागले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या घटनेचा ‘ऑनलाइन तपासणी नको’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. एका शाखेत रुळलेली पद्धत सर्व शाखांना लावताना प्रत्येक पायरीचा मालक कोण, हे ठरवायला वेळ दिला गेला नाही, हा त्याचा खरा अर्थ होय.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांतही आज प्रवेश, शिष्यवृत्ती, अंतर्गत गुण, नॅकसाठीची माहिती असे बहुतेक कामकाज कोणत्या ना कोणत्या पोर्टलवर चालते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर पडून राहिला तर तो लिपिकाच्या लॉगिनवर आहे की प्राचार्यांच्या, हे विद्यार्थ्याला कळत नाही. अंतर्गत गुण भरताना चूक झाली तर ती कोणाच्या लेखी संमतीने व किती दिवसांत दुरुस्त होईल, हे अनेकदा व्यक्तिगत ओळखीवर ठरते. या ठिकाणी आणखी एखादे व्यवस्थापन सॉफ्टवेअर विकत घेतल्याने प्रश्न सुटणार नाही. सूचनाफलकावर लावलेला एक कागद, ज्यावर पायरी, मुदत व जबाबदार व्यक्तीचे पद लिहिलेले आहे, अधिक उपयोगी ठरेल.

७. आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, साधनच कार्यपद्धतीला शिस्त लावते. प्रणाली आल्याशिवाय यंत्रणा हलत नाही. यात तथ्य आहे. मजुरी बँक व टपाल खात्यांतून देण्याची पद्धत आल्यावर रोख वाटपातील हातचलाखीला आळा बसला. योजनेच्या संकेतस्थळावर हजेरीपट सर्वांना पाहता येऊ लागल्याने सामाजिक अंकेक्षणाला बळ मिळाले. परंतु ही उदाहरणे तपासली तर त्यांत साधनाने एका आधीच ठरलेल्या नियमाला, मजुरी मजुरालाच मिळावी व हजेरी सर्वांना पाहता यावी या नियमाला, बळ दिल्याचे आढळते. नियम आधी होता.

दुसरा आक्षेप असा की, कार्यपद्धतीचा अतिरेक म्हणजे लालफीत. हा धोका खरा आहे. प्रत्येक पायरीला सही व प्रत्येक सहीला परिपत्रक अशी वाढ होऊ लागली तर काम कागदाखाली गुदमरते. त्यावरील उपाय पायऱ्या कमी करणे हा आहे, पायऱ्या संगणकात लपवणे हा नव्हे. २०१९ च्या योजनेत अर्जाची पायरी काढून टाकली गेली, हे या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अनावश्यक पायरी ओळखता येण्यासाठीही आधी सर्व पायऱ्या उघड्यावर मांडाव्या लागतात.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून असे दिसते की, अपयशाच्या प्रत्येक प्रसंगी साधन उपलब्ध होते व बहुतांशी चालतही होते. रोजगार हमीत निर्णायक पुरावा मोजमापाचा असताना साधन उपस्थितीभोवती उभारले गेले आणि विलंबाचा अर्धा भाग गणनेबाहेर ठेवला गेला. २०१७ च्या कर्जमाफीत लाभाचे एकक व अपवादाचा मार्ग निश्चित होण्याआधी अर्ज सुरू झाले. परीक्षेत पायऱ्यांची रंगीत तालीम न होता प्रयोग थेट रंगमंचावर झाला.

हा प्रश्न आता अधिक तातडीचा झाला आहे. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या जागी विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी मिशन (ग्रामीण) हा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले असून बायोमेट्रिक प्रमाणीकरण, उपग्रहाधारित स्थाननोंद व कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरील भर वाढवला आहे. साधने जितकी प्रबळ, तितकी त्यांनी नोंदवलेली गोष्ट अंतिम सत्य मानण्याची प्रवृत्ती बळावते. म्हणून मागणीची तारीख कोण नोंदवणार, मोजमाप किती दिवसांत होणार, अंगठ्याचा ठसा जुळला नाही तर त्या दिवशीच्या मजुरीचे काय, आणि याचे उत्तर गावपातळीवर कोण देणार, हे प्रश्न यंत्रे गावात पोहोचण्याआधी सुटले पाहिजेत.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य सूचना पुढे येते. प्रकल्प व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकाआधी विद्यार्थ्यांना आपल्या गावातील एका चालू सार्वजनिक कामाचा, रस्त्याचा, सिंचन विहिरीचा किंवा शाळाखोलीचा, मागणीपासून अंतिम देयकापर्यंतचा मार्ग हाताने कागदावर काढायला लावावा. प्रत्येक पायरीसमोर मुदत व जबाबदार पद लिहावे. ज्या पायरीसमोरची जागा रिकामी राहील, तेथेच प्रकल्प अडणार हे विद्यार्थ्याला शिक्षकाने सांगण्याची गरज उरणार नाही.